कोष तोलणारी

"खालच्या कप्प्यातल्या पाल्यावर नुसतं पाणी शिंपडलं होतं का?"

हा प्रश्न मी विचारला तेव्हा सभागृहातले दिवे मालवलेले होते. पडद्यावर अनसूया घुगेच्या प्रयोगाचं चित्र होतं. संगोपनगृहातली लोखंडी मांडणी, वरच्या कप्प्यांत लठ्ठ, पांढऱ्याशुभ्र अळ्यांचे ट्रे, खालच्या कप्प्यांत जरा किरकोळ अळ्यांचे. वरच्यांना शतावरीच्या मुळ्यांचा अर्क शिंपडलेला तुतीचा पाला, खालच्यांना साधा पाला. वरच्यांचे कोष खालच्यांपेक्षा चांगलेच वजनदार भरले होते, आणि ते पाहायला दिल्लीहून पाहुणे आले होते.

"साधा पाला म्हणजे साधा पाला," अनसूया म्हणाली. "त्याच्यावर काय शिंपडायचं?"

"पाणी. तुझ्या अर्कात शतावरी थोडी आणि पाणीच जास्त असतं ना? चित्रात बघ. वरचा पाला टवटवीत दिसतोय. खालचा कडेनं वळलाय. मग अळ्यांनी जास्त खाल्लं ते शतावरीमुळे, की पाला ओला होता म्हणून?"

कुणीतरी खोकलं. पाहुण्यांपैकी एकानं चष्मा काढून पुसला. मी आणखी एक घाव घातला. "आणि अर्काचे सगळे ट्रे वरच का ठेवले? वर पत्र्याची ऊब असते, खाली फरशीचा गारवा. तो फरक कसा काढणार?"

अनसूया वळून पडद्यावरचा पाला बघू लागली. दिवे लागले. आमचे मार्गदर्शक डॉ. खडकीकर माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी पंगतीत बसून यजमानाच्या पानात माती टाकली होती.

प्रश्न अगदी रास्त होते. पण ते विचारताना मला जे सुख झालं, ते रास्त प्रश्न विचारल्याचं नव्हतं.

आमचं रेशीम संशोधन केंद्र मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर होतं. चहूकडे माळ, मध्ये तुतीचं हिरवं शेत आणि त्याला लागून आमची बैठी इमारत. अनसूया यायच्या आधी तिथे पीएच.डी. करणारी मी एकटीच होते. खडकीकर सर कुणी आलं की म्हणायचे, "ही मंदाकिनी राजूरकर. हिच्या हातून चूक होत नाही." मी कडुनिंबाच्या अर्कावर काम करत होते. दोन वर्षं घासून, पुसून, सगळी काळजी घेऊन मी प्रयोग केले आणि उत्तर आलं: काही फरक नाही. पुन्हा केले. काही फरक नाही. सर म्हणाले, "चांगलं आहे. नीटनेटकं आहे." पण त्यानंतर पाहुणे आले की ते मला बोलवीनासे झाले.

मग बीडकडची ही अनसूया आली. उंच, सावळी, मोठ्यानं हसणारी. आल्यावर महिन्याभरात तिला माळ्याच्या मुलांची नावं पाठ. मेसमधल्या कौसाबाई तिच्या भाकरीवर लोणी घालायच्या आणि माझ्यापुढे नुसती भाकरी सरकवायच्या. त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण तिनं पहिल्याच उन्हाळ्यात शतावरीचा प्रयोग केला, घाईघाईनं, हाताला येईल तसे ट्रे मांडून, आणि तिला फरक मिळाला! तोही असा ठसठशीत, की आकडेमोड न करता डोळ्यांना दिसावा. सरांनी पेढे वाटले. मी माझा पेढा तोंडात टाकला आणि "अभिनंदन" म्हणाले.

तेव्हापासून मी तिच्यावर लक्ष ठेवू लागले. ती कधी उठते, कुणाशी बोलते, सरांच्या केबिनमध्ये किती वेळ असते. तिचं हसू व्हरांड्यातून ऐकू आलं की माझ्या हातातलं काम थांबायचं. म्हैसूरच्या परिषदेत तिचा निबंध वाचायचं ठरलं, त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून जेवायलाच गेले नाही. दोन वर्षं जी खुर्ची मला मिळेल असं मी धरून चालले होते, ती तिनं एका उन्हाळ्यात ओढून घेतली होती, आणि तेही ओढल्याचं तिच्या ध्यानीमनी नसताना.

म्हणून त्या अंधाऱ्या सभागृहात तो वळलेला पाला दिसला, तेव्हा मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुतीच्या शेतात पाला खुडत होते. अनसूया बांधावरून चालत आली. डोळे सुजलेले होते. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवली. विज्ञानात असं चालतंच, मनाला लावून घेऊ नकोस, वगैरे.

"तुझं बरोबर होतं," ती म्हणाली. "मी सगळं पुन्हा करणार आहे. मांडणी तू करून दे."

"मी?"

"आणि शेवटी कोष तूच तोलायचे. मी हात लावणार नाही."

मी खुडलेली पानं टोपलीत टाकत राहिले. ह्यात काहीतरी डाव असणार. मला भागीदार केलं की माझं तोंड बंद. उद्या निकाल चांगला आला की म्हणायला मोकळी, राजूरकर मॅडमनी स्वतः तोललेत.

"मीच का?" मी विचारलं.

"करणार का नाही, तेवढं सांग."

मी हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर दुसऱ्या कुणी तोललं असतं, आणि तो दुसरा तिच्यावर माया करणारा असता.

सरांना ते आवडलं नाही. "ओला पाला अळ्यांना घालू नये हे पहिल्या धड्यात शिकवतात," ते म्हणाले. "पाण्याचा गट कशाला? अर्क म्हणजे पाणी नव्हे." पण पाहुण्यांनी जाताना तोच प्रश्न पुन्हा विचारला होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

मांडणी मी जीव ओतून केली. खोटं कशाला बोलू, अनसूयाच्या भल्यासाठी नव्हे. तिला निसटायला एक फटसुद्धा राहू नये म्हणून. तीन गट: एकाला अर्काचा पाला, एकाला तेवढंच नुसतं पाणी शिंपडलेला, एकाला कोरडा. कुठला ट्रे कुठल्या कप्प्यात जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे वरची ऊब आणि खालचा गारवा तिघांच्याही वाट्याला सारखाच येईल.

"एवढे ट्रे कशाला पण?" अनसूया म्हणाली. "एकेका ट्रेमध्ये ढिगानं अळ्या असतात की. मागच्या वेळी मी सगळ्या अळ्या धरल्या होत्या."

"एका घरातली दहा माणसं एकच गोष्ट सांगायला लागली तर ते दहा साक्षीदार होतात का? एकत्र राहतात, एकच ऐकतात. ट्रे म्हणजे घर. अळ्या कितीही असोत, साक्षीदार एकच. आपल्याला घरं जास्त पाहिजेत."

"हे मला कुणी आधी सांगितलंच नाही गं."

"तू विचारलं नाहीस."

ते मी जरा जास्तच तिखट बोलले. तिनं ऐकून घेतलं.

कोणता गट कोणता हे आम्हा दोघींनाही कळायला नको होतं. ते काम आम्ही ग्रंथपाल हबीब पठाण यांच्याकडे दिलं. वयानं मोठे, शांत गृहस्थ. अळ्यांची त्यांना किळस, त्यामुळे ते संगोपनगृहात पाऊलही टाकायचे नाहीत, हे आमच्या पथ्यावरच पडलं. त्यांनी ट्रेंना बांधायला तीन रंगांचे दोरे घेतले, लाल, निळा आणि पांढरा. शिंपडायचा अर्क आणि नुसतं पाणी एकसारख्या काळपट बाटल्यांत भरून, लाल दोऱ्याच्या बाटल्या आणि निळ्या दोऱ्याच्या बाटल्या अशा आमच्या हवाली केल्या.

"आणि पांढरा?" मी विचारलं.

"पांढऱ्याला बाटली नाही. तो कोरडा. तेवढं तर तुम्हाला दिसणारच," ते म्हणाले. "लाल-निळ्याचं माझ्यापाशी राहील. मॅडम, तुम्ही दोघी भांडलात तरी सांगणार नाही."

अनसूया रोज पाला चिरायची, शिंपडायची, घालायची. उन्हाळा कडक होता. मी दाराशी उभी राहून बघायची. अळ्यांचं खाणं सुरू झालं की साऱ्या खोलीत कुरकुर कुरकुर असा एकसारखा आवाज भरून राहायचा. तिचे हात भरभर चालायचे, आणि मला दिसायचं की लाल दोऱ्याच्या ट्रेपाशी ती जराशी रेंगाळते. एकदा तर लाल ट्रेमधली एक अळी तळहातावर घेऊन म्हणाली, "बघ कशी बाळसेदार झालीय!" झालं. मी मनाशी खूणगाठ बांधली. लाल म्हणजे शतावरी. हिला वासावरून कळलेलं दिसतंय.

अळ्या कोषावर गेल्या. बांबूच्या विणलेल्या जाळ्यांवर, म्हणजे चंद्रिकांवर, त्यांनी आपल्याभोवती धागा गुंडाळून घेतला, आणि काही दिवसांनी कोष उतरवायला तयार झाले. ठरल्याप्रमाणे अनसूया बाहेर व्हरांड्यात बसली आणि तराजूपाशी मी बसले.

काम सोपं होतं. ट्रेमागून ट्रे घ्यायचा, खराब कोष बाजूला काढायचे, चांगले तोलायचे, आकडा लिहायचा. खराब म्हणजे काय तेही मीच आधी ठरवून ठेवलं होतं: दोन अळ्यांनी मिळून केलेला जुळा कोष, डागाळलेला कोष, आणि बोटानं दाबला की आत जाणारा पोचट कोष.

पहिला लाल ट्रे घेतला. कोष गुबगुबीत होते. हातात घेताच कळत होतं, की हे भरणार. मला आतून काहीतरी चावल्यासारखं झालं. एक कोष उचलला. मोठा, घट्ट. त्याच्यावर एक फिकट पिवळी रेघ होती. हा डाग म्हणायचा का? मी तो खराब कोषांत टाकला. दुसरा उचलला. हा आकारानं फार मोठा आहे, जुळा असेल का? तोही टाकला. तिसऱ्याकडे हात गेला, तेव्हा मी थांबले.

शतावरी लाल नसली तर?

मला काय माहीत होतं? अनसूयानं एक अळी तळहातावर घेतली होती, एवढंच. लाल हे नुसतं पाणी असलं, आणि मी त्याचेच टपोरे कोष काढून टाकले, तर पाण्याचं वजन घटेल, आणि शतावरी आपोआप वर जाईल. म्हणजे मी माझ्या हातानं तिच्या गळ्यात माळ घालणार! मी निळ्या ट्रेकडे पाहिलं. तेही कोष तसेच टपोरे. कुठला मित्र, कुठला शत्रू, काही समजायला वाव नव्हता. ती वाट मीच बुजवली होती, तिच्यासाठी म्हणून, आणि आता मीच तिथे अडकले होते.

मी टाकलेले दोन्ही कोष परत घेतले. पिवळी रेघ होती ती पानाच्या रसाची, बोटानं पुसली गेली. मोठा कोष कानाशी धरून हलवला, आत एकच किडा वाजत होता. मी ते तोलले. मग एकेक ट्रे, ठरलेल्या नियमानं, जसा आला तसा. मध्येच दाराबाहेरून अनसूया म्हणाली, "चहा आणू का?" मी म्हणाले, "आत येऊ नकोस." ती आली नाही. चहा उंबऱ्यावर ठेवून गेली.

संध्याकाळी पठाणसाहेब आले, नाकाला रुमाल लावून. आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. बेरजा झालेल्या होत्या. पांढरा सगळ्यांत हलका. लाल आणि निळा त्याच्यापेक्षा बरेच वजनदार, आणि एकमेकांच्या अगदी बरोबरीचे, तागडी समतोल राहावी तसे.

"सांगा साहेब," अनसूया म्हणाली.

"निळा अर्क. लाल नुसतं पाणी."

अनसूयानं आकड्यांकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे शतावरीनं काहीच नाही केलं."

"काहीच नाही," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की आनंद होईल. झालाही. आधी झाला, लख्ख. पण तिचा चेहरा बघून तो नीट भोगताही येईना, म्हणून तिचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये दोघींनाही बोलावणं आलं. सरांनी आकडे आधीच पाहिले होते. ते वाईट मनाचे नव्हते. केंद्राच्या डोक्यावर बंद होण्याची टांगती तलवार होती, आणि शतावरीच्या बातमीनं पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे वळून पाहिलं होतं.

"हे बघा," ते मऊ आवाजात म्हणाले. "निळा आणि पांढरा. अर्क आणि साधा पाला. फरक आहे ना? ठसठशीत आहे. मागच्या वेळेसारखाच आहे. मग म्हैसूरला एवढं सांगायला काय हरकत आहे? लाल गट नंतर कधीतरी, वेगळा निबंध म्हणून."

"सर, लाल काढला तर बाकी काय उरतं?" अनसूया म्हणाली.

"केंद्र उरतं! पाण्याच्या संशोधनाला अनुदान कोण देणार गं? पाला ओला करा, हे सांगायला केंद्र कशाला पाहिजे?"

अनसूया टेबलावरच्या आकड्यांकडे बघत होती. मी तिच्याकडे चोरून पाहत होते. आता ही हो म्हणेल. म्हणू दे. म्हणाली, की मग ती कोण आणि मी कोण हे कायमचं ठरेल. हिच्या हाती यश असेल, पण माझ्या हाती हिचं गुपित असेल. मी वाट बघत होते.

"सर," ती म्हणाली, "मी तर तोललेच नाहीत. वगळायचं का नाही, ते तोलणारीला विचारा."

सरांनी मान माझ्याकडे वळवली. फार दिवसांनी त्यांनी मला जुन्या आवाजात हाक मारली. "मंदाकिनी. तुझं नावही निबंधावर घालू. पहिलं म्हटलंस तर पहिलं."

क्षणभर ती जुनी खुर्ची मला पुन्हा समोर दिसली. पण तिच्या शेजारीच दुसरी खुर्ची होती, आणि तीवर अनसूया बसलेली होती, हार घालून, हसत. तिला तसं बसलेलं मला बघवेना.

"नाही वगळता येणार, सर," मी म्हणाले. "तिन्ही गट एकाच प्रयोगातले आहेत. सांगायचं तर तिन्ही सांगायचे."

सरांनी फाईल मिटली. आम्ही बाहेर आलो.

व्हरांड्याच्या टोकाशी पाण्याचा माठ होता. अनसूयानं दोन पेले भरले आणि एक मला दिला.

"खरं सांग," ती म्हणाली. "सर वगळू म्हणाले, तेव्हा तुझ्या मनात पहिल्यांदा काय आलं?"

मी पेल्यातलं पाणी संपवलं. मग म्हणाले, "तुझं नाव होऊ नये, असं आलं."

मला वाटलं ती चिडेल. ती नेहमीसारखी मोठ्यानं हसली. "मला ठाऊक होतं! अगं माय, जेवताना तू माझ्या ताटाकडं असं बघतेस, जसं मी तुझंच वाढून घेतलंय."

"मग मला तोलायला का बसवलंस?"

"इथं सगळ्यांना माझं बरं व्हावंसं वाटतं. कौसाबाईंना, पठाणसाहेबांना, सरांना. मलापण वाटतंच की. मागच्या वेळी मी तोलत होते, तर चांगला कोष दिसला की हात आपोआप त्याच्याकडं जायचा. सभागृहात तू बोललीस तेव्हा कळलं मला, मी काय करत होते ते." तिनं पेला पालथा घातला. "माझं वाईट व्हावं असं मनापासून वाटणारी तू एकलीच. तुझ्या हातून तोलून जर शतावरी टिकली असती, तर ती खरी. मला उत्तर खरं पाहिजे होतं, मंदा. तुझं मन चांगलं पाहिजे, असं कुठं म्हणलं मी?"

तिनं पहिल्यांदाच मला मंदा म्हटलं होतं.

म्हैसूरला त्या वर्षी आमच्या केंद्रातून कुणीच गेलं नाही. अनसूयाचा प्रबंध लांबला, कारण तिला विषयच बदलावा लागला: शतावरी सोडून कोरड्या हवेतला पाला आणि त्याची ओल. सर काही महिने आम्हा दोघींशी कामापुरतं बोलायचे. पुढे केंद्र बंद झालं नाही, चालत राहिलं, आणि सरही निवळले. माझा प्रबंध तिच्याआधी पूर्ण झाला. कडुनिंबानं काही फरक पडत नाही, हे मी चारशे पानांत सिद्ध केलं, आणि माझ्या तोंडी परीक्षेला परीक्षक घड्याळाकडे बघत होते.

तिच्या तोंडी परीक्षेला मी मागच्या रांगेत बसले होते. बाहेरगावाहून आलेले परीक्षक मोठे नावाजलेले आणि तेवढेच खवचट म्हणून प्रसिद्ध होते. ते तिच्या पाण्याच्या निष्कर्षावर फारसं बोललेच नाहीत. त्यांनी तीन गटांच्या त्या प्रयोगाची मांडणी पुढे ओढली आणि तिच्यावरच बोलत राहिले. चिठ्ठ्या टाकून ट्रे लावले, वा. पाण्याचा वेगळा गट, वा. कोणता कोणता ते न कळता तोलले, वा वा! एवढ्या वर्षांत इतकी चोख मांडणी मी विद्यार्थ्याकडून पाहिली नव्हती, ते म्हणाले. खडकीकर सर मान डोलवत होते. पुढच्या रांगेत कौसाबाई, काही न कळता, डोळे पुसत होत्या.

मी मागे बसून जळत होते. तो शब्दन् शब्द माझा होता आणि टाळ्या तिला पडणार होत्या. मी पिशवी उचलली आणि जायला निघाले.

"सर, मांडणी माझी नाही," अनसूयाचा आवाज आला. "ती तिकडं दाराशी निघालेली बाई आहे ना, मंदाकिनी राजूरकर, त्यांची आहे. मी नुसता पाला घातला."

सगळी डोकी मागे वळली. परीक्षक खुर्चीतून अर्धवट उठून माझ्याकडे बघत होते. मी दाराशी उभी, हातात पिशवी, चेहऱ्यावर तो सगळा जळफळाट तसाच, पुसायलाही वेळ मिळाला नव्हता.

"या ना, पुढे या," परीक्षक म्हणाले.

अनसूयानं आपल्या शेजारची खुर्ची ओढली. मी जाऊन तिच्याजवळ बसले. आणि परीक्षकांनी मला पहिला प्रश्न विचारला, तेव्हा लक्षात आलं, की आपण उत्तर देताना हळूच तिच्याकडे बघतोय, आपलं बरोबर चाललंय ना म्हणून.